पाइप फुटला तर कुणाला सांगायचं?

मागच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर पाच-सहा जण उभे. गळ्यात पक्षाची उपरणी, हातात पत्रकांचा गठ्ठा. त्यातले वयाने मोठे गृहस्थ म्हणाले, "सलाम वालेकुम भाई, लक्ष असू द्या." सलाम ऐकल्यावर लक्षात आलं, माणूस मतदारयादी वाचून आलाय. समोरच्या फ्लॅटमधल्या जोशीकाकांना त्यांनी नमस्कार घातला होता, तोही ऐकू आला होता. यात वाईट काहीच नाही. ज्याला त्याला त्याच्या रीतीने रामराम करणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे.

पत्रक हातात घेतलं. वर देशाचे नेते, त्याखाली राज्याचे नेते, मग शहराचे नेते. सर्वात खाली पासपोर्टच्या आकाराचे चार फोटो, ते उमेदवार. मजकुरात देशाची सुरक्षा होती, मजबूत नेतृत्व होतं, बहिणींच्या खात्यात जमा झालेले पैसे होते. मी पाणी हा शब्द शोधत होतो. तो मागच्या बाजूला 'मुबलक पाणी, रस्ते, वीज' असा एका ओळीत सापडला. महापालिका वीज देत नाही, हे बहुधा पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसावं.

मी विचारलं, "आमच्या मागच्या गल्लीतली जुनी पाण्याची लाइन कधी बदलणार?"

ते गृहस्थ हसले. "भाई, आधी निवडून तर द्या."

संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचे लोक आले. ते आमच्यातलेच. त्यातला एक माझ्या चुलतभावाचा मित्र निघाला. "भाईजान, अपने बंदे को जिताना है. अपनी आवाज जानी चाहिए अंदर." मी विचारलं, "आवाज कुठल्या विषयावर?" तो गोंधळला. मग म्हणाला, "सब मसलों पर." पाण्याच्या लाइनबद्दल त्यालाही काही माहिती नव्हती. तो राहायला शेजारच्या प्रभागात आहे.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान ठरलं, त्यात आमचं पुणंही आहे. यापूर्वी आम्ही नगरसेवक निवडला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षांहून जास्त काळ, या शहराला एकही नगरसेवक नव्हता. माझा भाचा पंचवीस वर्षांचा आहे. त्याने लोकसभेला मत दिलंय, विधानसभेला दिलंय. घरासमोरच्या रस्त्यासाठी मत देण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

राज्यघटनेने याची काळजी आधीच घेतली होती. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. पालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात काय झालं? ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. प्रभागात किती सदस्य असावेत यावर सरकारांची ओढाताण झाली. एका सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग ठरवला, पुढच्या सरकारने तो मोडून चारचा केला. मग त्यावर याचिका, मग 'जैसे थे'चा आदेश, मग तारखा. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. तीही मुदत वाढवावी लागली. या सगळ्या काळात सत्तेवर वेगवेगळे पक्ष येऊन गेले. प्रशासकाच्या हातात शहर असण्याची घाई-गडबड कुणालाच झाली नाही, हे सगळ्यांच्या खात्यावर मांडायला हवं.

प्रशासक म्हणजे आयुक्त. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतो. स्थायी समिती आणि मुख्य सभा त्यावर बोलतात, भांडतात, कधी फेटाळतात. प्रशासकाच्या राज्यात प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक बारा हजार सहाशे कोटींच्या वर होतं. मुंबईचं चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या वर. एवढा पैसा खर्च करायचं ठरवताना "नाही" म्हणायला सभागृहात एकही माणूस नव्हता. अधिकारी प्रामाणिक असेल, हुशारही असेल. पण त्याला पुन्हा माझ्या दारात यायचं नसतं.

"नाही" म्हणण्याची या शहराची परंपरा जुनी आहे. जोतिराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला पैसे खर्च करायचं ठरलं, तेव्हा जोतिरावांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तर सरकारने नेमलेले सदस्य होते, निवडून आलेलेही नव्हते. त्यांचा विरोध मान्य झाला नाही. पण बोलायला सभा होती, म्हणून तो नोंदला गेला आणि आज आपल्याला माहीत आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत कुठल्याशा केबलसाठी एका ठेकेदाराने रस्ता खणला. खणताना ड्रेनेजच्या लाइनला धक्का लागला. माती ओढून, वरून खडी टाकून ते लोक निघून गेले. चार-पाच दिवसांनी नळाच्या पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतंच. मग पहिल्या मजल्यावरच्या दोन लेकरांना जुलाब सुरू झाले. मग माझ्या अम्मीला. अम्मी सत्तरीची. पहिल्या दिवशी तिने हिंग-ओव्यावर भागवलं, दुसऱ्या दिवशी तिला उभं राहवेना. तीन दिवस सलाइनवर होती. डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून प्या." पाणी उकळतच होतो, पण माणूस तोंड धुतो, भांडी विसळतो, वजू करतो. अम्मी पाच वेळा वजू करते आणि दर वेळी त्याच नळाच्या पाण्याने चूळ भरते. ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. तिथले लोक वाईट वागले नाहीत. एकाने चहाही विचारला. पण काम एका टेबलाचं नव्हतं. पाणी एका विभागाकडे, ड्रेनेज दुसऱ्याकडे, रस्ता खणायची परवानगी तिसऱ्याकडे. प्रत्येक जण खरंच सांगत होता की ते त्याच्याकडे नाही. आमदारांच्या कार्यालयात गेलो, ते म्हणाले हे महापालिकेचं काम आहे. तेही खरंच होतं. शेवटी एक निवृत्तीला आलेले कारकून मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पूर्वी नगरसेवक येऊन टेबलावर हात आपटायचे. आम्हाला राग यायचा. पण तीनही विभागांचे साहेब एका वेळी खड्ड्यापाशी उभे राहायचे. आता फोन वरून येतो, खालून येत नाही."

सात आठवडे लागले. शेवटी सोसायटीतल्या बारा जणांनी वर्गणी काढून प्लंबर आणला आणि आमच्या हद्दीतला जुना गंजलेला पाइप बदलला. वास कमी झाला. रस्त्याखालची लाइन अजून तीच आहे.

मग जानेवारी २०२५ उजाडला आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत. काल चालणारी माणसं आज पाय उचलू शकत नव्हती. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही माणसं दगावली. पिण्याच्या पाण्यावर संशय होता. नांदेडच्या विहिरीची चर्चा राज्यभर झाली. आमच्या घरी अम्मी रोज सकाळी आपले हातपाय हलवून बघायची. आम्ही तिला हसायचो, आणि मग गुपचूप स्वतःचेही हलवून बघायचो.

नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ च्या मध्याला महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी दोन गावं. पिसोळी, वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे हीदेखील त्यातलीच. ही गावं आत आली तेव्हा त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. पुढे वर्षही झालं नाही तोच महापालिकेचं सभागृहही गेलं. म्हणजे लाखो माणसांचा सरपंच काढून घेतला आणि बदल्यात नगरसेवक दिला नाही. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं, तिच्याबद्दल विचारायला पद असलेला एकही माणूस गावात नव्हता. नगरसेवक असता तर तो आजार झालाच नसता, असं मी म्हणणार नाही. नगरसेवक असतानाही या शहरात लोकांनी घाण पाणी प्यायलंय. पण "पाणी शुद्ध करून का देत नाही?" हा प्रश्न लोक आजारी पडण्याआधी सभेत विचारायची निदान एक जागा असती.

आमचा जुना नगरसेवक आठवतो. ज्या पक्षाचा होता त्या पक्षाला मी कधी मत दिलं नाही. त्याच्या वाढदिवसाच्या फलकांनी चौक झाकून जायचा. टक्केवारी खायचा की नाही मला माहीत नाही, लोक म्हणायचे खातो. त्याच्या पक्षाचे मोठे नेते टीव्हीवर माझ्या लोकांबद्दल काय काय बोलायचे, ते मी ऐकत होतो. पण २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्री पावसाने पुण्याची वाताहत केली, ओढ्यांचं पाणी सोसायट्यांत घुसलं, तेव्हा रात्री दोन वाजता हाच माणूस पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या पार्किंगमध्ये उभा होता. मला त्याने विचारलं, "सर, अम्मींना वर नेलं ना?" त्याला माझी अम्मी माहीत होती. तिच्या हातचा शीरखुर्मा तो दोनदा खाऊन गेला होता. त्याला तिचं मत हवं होतं, हे उघड आहे. असू दे की. मत हवं असतं म्हणून माणूस दार ओळखतो. लोकशाहीने दुसरं काय करायचं असतं?

माझं सगळं म्हणणं याच गोष्टीपाशी येतं. देशाच्या राजकारणात मी मुसलमान असतो. टीव्हीवर रात्री नऊ वाजता माझ्यावर चर्चा होते. मी काय खातो, किती मुलं होतात, कुणाचा इतिहास मानतो, वक्फची जमीन किती. त्या चर्चेत मला प्रश्न विचारले जातात, माझे प्रश्न कुणी विचारत नाही. शहराच्या राजकारणात मी बी विंगमधला चारशे तीन नंबर असतो, ज्याच्या नळाला वास येतो. तिथे जोशीकाकांचा आणि माझा प्रश्न एकच असतो, कारण पाइप एकच आहे. नगरसेवक हा असा एकमेव पुढारी होता, ज्याच्याशी बोलताना मला आधी माझ्या देशभक्तीचा खुलासा करावा लागत नव्हता. तोच पावणेचार वर्षं नव्हता. त्यामुळे राजकारण म्हणून आमच्या वाट्याला फक्त टीव्हीवरचं राजकारण उरलं.

आठवून बघा, मार्च २०२५. उन्हाळा तोंडावर होता, शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकरच्या रांगा सुरू झाल्या होत्या. आणि सगळा महाराष्ट्र १७०७ साली मेलेल्या औरंगजेबाच्या कबरीवर भांडत होता. नागपुरात त्यावरून दंगल पेटली. माझ्या ऑफिसात एकाने मला विचारलं, "तुमचं काय मत आहे कबरीबद्दल?" मी म्हटलं, "माझं मत टँकरबद्दल आहे. दोन दिवसांआड हजार-बाराशे रुपये जातात." तो म्हणाला, "विषय बदलू नका." विषय कोणी बदलला होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आता थोडं आपल्या लोकांविषयी. फक्त दुसऱ्यांना बोलून भागणार नाही.

आपल्या मोहल्ल्यांत निवडणूक आली की बैठका सुरू होतात. कुणाला मत द्यायचं यापेक्षा कुणाला पाडायचं यावर जास्त बोलणं होतं. भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. नाव सांगितल्यावर 'फ्लॅट कालच गेला' हे उत्तर मीही पाच ठिकाणी ऐकलंय. म्हणूनच तर आपण ठरावीक भागांत दाटीवाटीने राहतो. पण या दाटीचा हिशेब आपण मागतो का? आपल्या भागात दवाखाना किती लांब आहे, मुलींच्या शाळेत शौचालय आहे का, कचऱ्याची गाडी किती दिवसांनी येते? 'अपना बंदा' निवडून आला की आपलं काम संपतं. पाच वर्षांत त्याने सभेत किती प्रश्न विचारले, हे आपल्यातल्या किती जणांनी बघितलं? कौम के नाम पर मत मागणाऱ्याला आपण जेवढं सहज मत देतो, तेवढ्याच सहज तो आपल्याला विसरतो. ज्याला मत मिळणारच याची खात्री आहे, तो कशाला चिखलात उतरेल?

बायकांचंही तेच. महाराष्ट्रात पालिकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आमच्या प्रभागातल्या एका उमेदवार बाईंच्या फलकावर त्यांच्या फोटोपेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा आहे. प्रचाराला नवरा येतो, बोलतो नवरा, बाई मागे हात जोडून उभ्या. मी मुद्दाम त्यांनाच विचारलं, "ताई, पाण्याच्या लाइनचं काय?" नवरा तोंड उघडणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमच्या मागच्या गल्लीत ना? आमच्याकडेही तोच वास येतो. सकाळी पहिली दोन बादल्या पाणी मी ओतून देते." त्या दिवसभरात भेटलेल्या सगळ्या लोकांत लाइनबद्दल खरी माहिती असलेली ती पहिली व्यक्ती. त्या निवडून आल्या तर बोलतील की नवरा बोलेल, हे बघायचं.

आणखी एक अडचण आहे. एका मतदाराने एक नगरसेवक निवडायचा, ही साधी पद्धत पुण्यात २००७ ला होती. २०१२ ला दोनचा प्रभाग झाला, २०१७ ला चारचा. आताही चारच, एके ठिकाणी तर पाच. प्रभाग ऐंशी-नव्वद हजार लोकांचा, तेही २०११ च्या जनगणनेवरून मोजलेले. त्यानंतर पंधरा वर्षांत किती माणसं वाढली, ती हिशेबात नाहीत. चार नगरसेवक असले की पाइप फुटल्यावर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. घरात चार पाहुणे आले की पाण्याचा तांब्या कुणी भरायचा, तसं. तरीही, बोट दाखवायला का होईना, चार माणसं असणार आहेत. गेली पावणेचार वर्षं बोट दाखवायलाही कुणी नव्हतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगा. मशीनवर अ, ब, क, ड अशा जागा असतील आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं आहे. एक मत देऊन बाहेर येऊ नका. चार जागांसाठी चार वेगवेगळ्या पक्षांना मत देता येतं. सगळी एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही. पत्रकवाले हे सांगत नाहीत. कुठल्याच जागेचा उमेदवार पसंत नसेल तर तिथे नोटा आहे.

अम्मीला मी हे कागदावर चार चौकोन काढून समजावलं. तिने विचारलं, "यातला पाण्यासाठी कोणता?" मी म्हटलं, चौघेही. ती म्हणाली, "मग चौघांची नावं लिहून दे. कपाटावर चिकटवते."

१६ तारखेला निकाल लागेल. गुलाल उधळला जाईल, डीजे वाजतील, टीव्हीवर कोणत्या पक्षाची लाट आणि दिल्लीवर त्याचा काय परिणाम याची चर्चा रंगेल. दोन दिवस ते सगळं होऊ द्यावं. नंतर मी आणि जोशीकाका फाइल घेऊन निघणार आहोत. फाइलमध्ये जुने अकरा अर्ज आहेत, अम्मीच्या दवाखान्याचं बिल आहे, आणि त्या गल्लीतल्या खड्ड्याचे फोटो. निवडून आलेले चौघे कुठल्याही पक्षाचे असोत, प्रत्येकाच्या दारात जाऊन एकेक प्रत देणार आहोत आणि पोचपावती घेणार आहोत.

कबरीबद्दल माझं मत तेव्हाही कुणी विचारलं, तर सांगेन. आधी पाइप बदलू द्या.